कापायला पगारच नसेल तर?

लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस केलेल्या एका ठरावाची देशभर चर्चा झाली. जे कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाहीत, त्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती थेट आईबापांच्या खात्यावर जमा करायची, असा तो ठराव होता. बारा कर्मचाऱ्यांची प्रकरणे पुढे आली. त्यांत शिक्षकही होते. सात जणांच्या पगारातून कपात सुरू झाली आणि नोटीस हातात पडताच काहींनी घरातच तडजोड केली. ठराव योग्यच होता. आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या पगारदार मुलाला लाज वाटत नसेल, तर त्याच्या पगारपत्रकाला हात घालावा लागतो. पण हा उपाय जिल्ह्यातल्या किती म्हाताऱ्यांपर्यंत पोचू शकतो, हे पाहिले की मन अस्वस्थ होते. ज्यांचा मुलगा सरकारी नोकरीत आहे, त्यांच्याचपर्यंत. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर, जळकोट आणि शेजारच्या नांदेडमधल्या मुखेड, कंधार, किनवट या तालुक्यांतल्या बहुसंख्य म्हाताऱ्यांचा मुलगा कोरडवाहू शेतकरी आहे, रोजंदारीवर आहे, कोयता घेऊन ऊसतोडीला जातो किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर आहे. त्याच्याकडे कापण्यासारखा पगारच नाही. त्याच्या मनात आईबापांविषयी माया असते. महिनाअखेरीस हातात काही उरत नाही, हे त्याचे दुखणे आहे. म्हणून म्हातारपणीचे उत्पन्न मुलाच्या ऐपतीवर आणि मर्जीवर सोडून चालणार नाही. ते सरकारने हक्क म्हणून, जगता येईल एवढे दिले पाहिजे. आज ते दिले जाते अशी समजूत आहे, ती खरी नाही.

आज सत्तरीत असलेली पिढी कोण आहे, ते आधी ध्यानात घेऊ. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ही माणसे पंधरा-वीस वर्षांची होती. रोजगार हमीच्या कामांवर त्यांनी पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले, गावोगावचे रस्ते तयार केले, खडी फोडली. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे त्यांनी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शेतात काढली. या कामाला निवृत्तीचे वय नव्हते, भविष्य निर्वाह निधी नव्हता, हजेरीपटही बहुतेक वेळा नव्हता. आता शरीर थकले तरी काम सुटत नाही, फक्त ते हलक्या दराचे होते. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते, तेव्हा साठी ओलांडलेल्याला कोणी विचारत नाही. सोयाबीन काढणीचे गुत्ते तरणी जोडपी घेतात, म्हातारीला त्या टोळीत जागा नसते. तिच्या वाट्याला खुरपणी, कापसाची उरलीसुरली वेचणी आणि काढणी झालेल्या रानात सरवा वेचणे येते. लातूरच्या आडतीत पोती उतरली-चढली की खाली सांडलेले धान्य मातीसकट झाडून नेणाऱ्या बायका दिसतात. ते मातेरे सुपात घालून पाखडले, खडे निवडले की ओंजळभर तूर किंवा हरभरा हाती लागतो. शिकवण्यांच्या भागात वसतिगृहांच्या दारात रात्रपाळीला बसलेला वॉचमन बघा, खानावळीत पोळ्या लाटणारी बाई बघा. राज्यभरातली मुले डॉक्टर व्हायला या शहरात येतात आणि त्यांच्या राखणीला, जेवणाला आजोबा-आजीच्या वयाची माणसे राबतात.

हे चित्र दोन जिल्ह्यांपुरते नाही. भारतातील वृद्धांचा दीर्घकालीन अभ्यास, जो लासी नावाने ओळखला जातो, त्याच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत साठीपुढच्या दर तिघांमागे एक तरी जण काम करत असल्याचे आढळले होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये भारतातील वृद्धत्वावर अहवाल काढला. त्यानुसार ४० टक्क्यांहून अधिक वृद्ध सर्वांत गरीब गटात मोडतात आणि १८.७ टक्के वृद्धांना स्वतःचे कसलेही उत्पन्न नाही. वृद्धांच्या प्रमाणात महाराष्ट्र देशाच्या पुढे आहे, पण ते पुढे असणे काळजीचे आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. मराठवाड्यातून तरुण पुण्या-मुंबईकडे जातात आणि म्हातारी माणसे गावातच मागे राहतात, तेव्हा गावातला त्यांचा वाटा याहून मोठा दिसणारच.

आता सरकार काय देते ते पाहू. राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी आहे. गावात तिला कोणी या लांबलचक नावाने ओळखत नाही. ‘निराधारचा पगार आला का,’ एवढेच विचारले जाते. हा पगार आधी ६०० रुपये होता, मग १,००० झाला आणि २०२३ च्या जुलैपासून १,५०० आहे. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर त्यातले २०० रुपये केंद्राचे असतात. केंद्राचे हे २०० रुपये २००७ पासून तसेच आहेत. ऐंशी ओलांडल्यावर ते ५०० होतात, आणि ही रक्कमही २०११ पासून जागची हललेली नाही. या काळात खासदार-आमदारांचे वेतन वाढले, महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत राहिला, गॅसची टाकी कुठून कुठे गेली. म्हाताऱ्यांचे २०० रुपये मात्र २०० च राहिले. याला मी काटकसर म्हणणार नाही, हा सरळ विसर आहे.

रकमेपेक्षाही जाचक आहे ती पात्रतेची अट. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, आणि ती यादी २००२ च्या सर्वेक्षणावर उभी आहे, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला १,७५० रुपये, अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एका माणसाने सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने वर्षातून ६८ दिवस मजुरी केली की त्या घरातला म्हातारा निराधार उरत नाही. एका हाताने कामाची हमी द्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच कामाच्या जोरावर आईचे निवृत्तिवेतन नाकारायचे, असा हा हिशेब आहे. २१,००० रुपयांत वर्ष काढणारे कुटुंब आज लातूर-नांदेडमध्ये शोधून सापडणे कठीण. तरीही लाखो लोकांना हा लाभ मिळतो, कारण तलाठी, तहसीलदार आणि अर्जदार या सगळ्यांना ठाऊक आहे की दाखल्यावरचा आकडा अटीत बसवण्यासाठी असतो. ज्याची ओळख आहे त्याचा दाखला निघतो. ज्याची नाही, किंवा जो खोटे लिहायला कचरतो, त्याची फाईल पडून राहते. अट इतकी अवास्तव ठेवली की प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि मधल्या माणसाचे दुकान चालते.

मंजुरी मिळाली तरी पैसे हातात पडेपर्यंत बरेच काही घडते. रक्कम थेट खात्यावर येऊ लागली, हे चांगलेच झाले. पण खाते आधारशी जोडलेले हवे, आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव जुळायला हवे, आणि यंत्रावर अंगठा उमटायला हवा. जन्मभर खुरपे धरलेल्या आणि कापूस वेचलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. ग्राहक सेवा केंद्रात बसलेला मुलगा ती बोटे एकेक करून यंत्रावर ठेवतो, फडक्याने पुसतो, पुन्हा ठेवतो आणि शेवटी म्हणतो, “आजी, थंब लागत नाही, उद्या या.” उद्याची मजुरी बुडते आणि तालुक्याला यायचे ऑटोचे भाडे पुन्हा द्यावे लागते. दीड हजारातून हे सगळे वजा केले की उरते किती, याचा विचार यंत्रणा उभारणाऱ्याने केलेला दिसत नाही.

या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय मला वयाच्या ६५ व्या वर्षी दिसतो, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. २१ ते ६५ या वयातल्या बाईला महिना १,५०० रुपये, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. या योजनेविषयी मते काहीही असोत, तिने लाखो बायकांच्या हातात स्वतःचे पैसे दिले, हे नाकारता येणार नाही. पण बाई ६५ वर्षांची पूर्ण झाली की या योजनेतून बाहेर पडते. त्या दिवसापासून तिला श्रावणबाळ योजनेच्या दारात जावे लागते आणि तिथली मर्यादा २१,००० ची आहे. काल अडीच लाखांच्या आत असलेले घर गरीब होते, आज तेच घर २१,००० च्या वर गेले म्हणून सुस्थितीत ठरते. चौसष्टाव्या वर्षी, कामाला जाण्याइतके अंगात बळ असताना मिळणारी मदत पासष्टाव्या वर्षी, गुडघे बोलू लागल्यावर बंद व्हावी, याचे समर्थन कोणत्याही अधिकाऱ्याने करून दाखवावे. दोन्ही योजना एकाच राज्याच्या, एकाच तिजोरीतून चालणाऱ्या आहेत. रक्कमही तेवढीच आहे. फरक एवढाच की एकीची मर्यादा अलीकडे ठरली आणि दुसरीची कोणी उघडूनही पाहिली नाही.

यावर कोणी म्हणेल की ज्यांनी संघटित क्षेत्रात नोकरी केली त्यांचे तरी बरे आहे. फार बरे नाही. एसटीचा वाहक, सहकारी साखर कारखान्याचा कामगार, नांदेडच्या जुन्या कापडगिरणीत राबलेला माणूस, हे सगळे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मध्ये मोडतात. तिचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. गणित असे की निवृत्तिवेतनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पगाराची कमाल मर्यादा आधी ६,५०० होती, २०१४ पासून १५,००० आहे. या नव्या मर्यादेवर तीस वर्षांचा हिशेब केला तरी सात हजारांच्या पुढे मजल जात नाही. ज्यांची सेवा जुन्या मर्यादेच्या काळात संपली ते दोन-तीन हजारांवर अडकले आहेत. महागाईशी या रकमेची सांगडच नाही, पहिल्या महिन्यात ठरेल तीच शेवटपर्यंत. या योजनेतले निवृत्त कामगार किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत वर्षानुवर्षे आंदोलन करत आहेत. विदर्भात बुलढाण्यातही त्यांचा ठिय्या दीर्घकाळ चालला. दुसऱ्या बाजूला, एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जी एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली, तिच्यात दहा वर्षांच्या सेवेवर किमान १०,००० रुपयांची हमी आहे. सरकारी कर्मचाऱ्याला मिळते त्याचा मला मत्सर नाही, त्याने ते कमावले आहे. पण म्हातारपणी माणसाला जगायला निदान किती लागते, याचा अंदाज सरकारला आहे, हे या १०,००० च्या आकड्यावरून सिद्ध होते.

धोरणकर्त्यांचे आवडते उत्तर असे की लोकांनी तरुणपणीच थोडे थोडे बाजूला टाकावे. त्यासाठी योजनाही आहेत: २०१५ ची अटल पेन्शन, २०१९ च्या श्रमयोगी मानधन आणि किसान मानधन. तिन्हींची दारे १८ ते ४० या वयाला उघडी आहेत. २०१९ मध्ये जो शेतकरी चाळीस वर्षांचा होता त्याला पहिले ३,००० रुपये २०३९ मध्ये मिळतील. म्हणजे आज जो म्हातारा आहे, किंवा पन्नाशीत आहे, त्याच्यासाठी या योजनांत काहीच नाही. शिवाय हप्ता ठरल्या मुदतीला भरायचा आणि उत्पन्न मात्र वर्षातून एकदा, तेही पाऊस आणि बाजार यांच्या मेहेरबानीवर. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात, जिथल्या भावाकडे राज्यभराचे लक्ष असते, शेतकऱ्याला त्याहून कमी भावाने माल द्यावा लागला. ज्याचे चालू वर्षच तोट्यात जाते, त्याला वीस वर्षांपुढची बचत करायला सांगणे व्यवहाराला धरून नाही.

नांदेडच्या लोकांना या सगळ्याची तुलना करायला पुस्तक उघडावे लागत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगण सुरू होते. राज्य स्थापन झाल्याच्या वर्षी, २०१४ मध्येच, तिथे आसरा योजनेतून वृद्धांना १,००० रुपये मिळू लागले, तेव्हा आपल्याकडे ६०० होते. २०१९ मध्ये त्यांचे २,०१६ झाले, तेव्हा आपल्याकडे १,००० होते. पुढे तिथली वयाची अट ५७ वर आली. आपली अजून ६५ आहे. सीमेवरच्या गावांतल्या लोकांनी आम्हाला तेलंगणात घाला, अशी मागणी केली तेव्हा मुंबईत ती गंमत म्हणून पाहिली गेली. नातीगोती दोन्हीकडे असलेल्या माणसाला आपली आई आणि पलीकडची मावशी यांच्या पासबुकातला फरक रोज दिसतो, हे मुंबईला कळले नाही. तेलंगणातही सगळे आलबेल नाही. २,०१६ चा आकडा पुढे हललेला नाही, आणि २०२३ च्या निवडणुकीत दिलेले ४,००० चे आश्वासन २०२५ संपेपर्यंत पुरे झालेले नव्हते. आंध्रने मात्र जुलै २०२४ पासून ४,००० रुपये प्रत्यक्ष दिले. राजस्थानने २०२३ मध्ये कायदाच केला आणि निवृत्तिवेतनात दरवर्षी १५ टक्के वाढीची तरतूद त्यात घातली. मला ही तरतूद सर्वांत महत्त्वाची वाटते. रक्कम वाढवण्यासाठी म्हाताऱ्यांना निवडणुकीची वाट पाहावी लागू नये.

पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. राज्यावर कर्ज आहे, वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा मोठा वाटा जातो. तरी हिशेब मांडून पाहू. ६५ वर्षांवरचे लोक राज्यात साधारण एक कोटी धरले आणि प्रत्येकाला महिना ३,००० रुपये द्यायचे म्हटले तर वर्षाला ३६,००० कोटी लागतात. त्यातून सरकारी निवृत्तिवेतनधारक आणि प्राप्तिकर भरणारे वगळायचे, आज श्रावणबाळ योजनेवर होतो तो खर्च वजा करायचा. उरणारा बोजा याहून बराच कमी निघतो. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींचीच तरतूद होती. म्हणजे राजकीय इच्छा असेल तर एवढी रक्कम या राज्यात उभी राहते, हे आपण पाहिले आहे. दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये २,५०० करण्यात आले, तेही याच तिजोरीतून. प्रश्न प्राधान्याचा आहे. हमालांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये पेन्शन परिषद उभी राहिली, तेव्हा किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन प्रत्येक वृद्धाला मिळावे, अशी तिची मागणी होती. हमालांच्या पाठीवरचे ओझे जवळून पाहिलेल्या माणसाची ती मागणी होती. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये मजुरीच्या निम्म्याने महिन्याचे २६ दिवस धरले तरी चार हजारांच्या वर रक्कम जाते. मी मांडलेले ३,००० त्याहून कमी आहेत.

दुसरा आक्षेप असा की सरकारने पैसे दिले की मुले हात झटकतील आणि आपली कुटुंबपद्धती मोडेल. अनुभव उलटा आहे. ऊसतोडीला जोडपे गेले की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत नातवंडे तांड्यावर आजीच सांभाळते. तिच्या हातात चार पैसे असतील तर ते कुठे जातील, हे सांगायला संशोधक लागू नये, पण संशोधनही झालेले आहे. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले तेव्हा काय घडले, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घरात आजीला निवृत्तिवेतन मिळत होते, तिथल्या नातींचे पोषण स्पष्टपणे सुधारले होते. आजोबांना मिळाले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. आजीच्या नावावर आलेला पैसा नातीच्या ताटात उतरला. घराला हातभार लावणाऱ्या म्हातारीला घरात मान राहतो आणि औषधासाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही. त्याने कुटुंब मोडत नाही, उलट त्यातला ताण कमी होतो.

आणि म्हातारपणी हातपाय हलते राहावेत, काम केल्याने माणूस ठणठणीत राहतो, हा युक्तिवाद. सकाळी फिरून आल्यावर बागेत झाडे लावणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याच्या बाबतीत तो खरा आहे. २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर लातूर जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने बैलजोडी परवडत नाही म्हणून स्वतःच्या खांद्यावर औत ओढले, मागे त्याची म्हातारी बायको होती. ती दृश्ये देशभर पाहिली गेली, विधिमंडळापर्यंत विषय गेला, मदतीचे हात पुढे आले, आणि ते बरे झाले. त्या जोडप्याला काम हवे होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांना दुसरा मार्ग नव्हता. कॅमेऱ्यासमोर न आलेल्या म्हाताऱ्यांचे काय, हे विचारायची वेळ मात्र बातमी शिळी होताच निघून गेली. ज्याला काम करायचे आहे त्याने सत्तरीतही करावे. पण नको म्हणण्याची सोय त्याला असली पाहिजे, आणि ती सोय महिन्याला खात्रीने येणाऱ्या पैशानेच होते.

३,००० रुपये, दरवर्षी महागाईप्रमाणे वाढ, वय ६० वर आणणे, अंगठा न उमटल्यास घरपोच रक्कम देणे, केंद्राने आपला २०० रुपयांचा वाटा सुधारणे, या सगळ्याला वेळ लागेल हे समजू शकते. एका गोष्टीला मात्र नवा कायदा लागत नाही. श्रावणबाळ योजनेची २१,००० ची मर्यादा काढून तिथे लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची मर्यादा लावणे, आणि ६५ पूर्ण करणाऱ्या बाईचे नाव नव्या अर्जाशिवाय, नव्या दाखल्याशिवाय एका योजनेतून दुसरीत वर्ग करणे. यासाठी एक शासन निर्णय पुरेसा आहे. लातूर आणि नांदेडच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात एवढा एक निर्णय पदरात पाडून घ्यावा. मतदार म्हणून आपणही, गावात सभेला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आधी २१,००० च्या आकड्याबद्दल विचारावे आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्याला पुढे जाऊ देऊ नये.